किती धुण्यांचा

पुण्याच्या शिबिरातून हत्तुरे सर एक वही भरून घेऊन आले.
आम्हा तिघींना समोर बसवून वाचून दाखवली:
आधी आरसा द्यायचा, किंमत शेवटी.
'किडका' म्हणायचं नाही, 'पिवळा' तर नाहीच.
'स्माइल' म्हणायचं,
आणि म्हणताना आपण हसायचं.

आठवडाभर मी भाकरी थापताना सराव केला.
नवरा म्हणाला, काय गं, पगार वाढला का?

अशोक चौकात पहिल्या मजल्यावर आमचा दवाखाना,
खाली टॉवेलचं दुकान.
मे महिन्यात दुपारी दोन वाजता तो जिना चढायला
दुखणंच लागतं माणसाला.
सत्तय्या बोद्धूल चढून आले. दाढ.
वय एकाहत्तर. धंदा: रंगारी, आता बंद.

दाढेचं झालं. मग वही.
काका हसताना तोंडावर हात धरत होते,
मी ते टिपलं होतं, टिपायचंच असतं, पान चौथं.
पुढचा एक दात करडा,
पोरवयात मागाचा धोटा उडून लागलेला.
मी आरसा दिला, मान तिरकी केली:
'काका, मोकळं हसावंसं वाटत नाही का हो?'

'हात होय?' ते म्हणाले.
'चाळीस वर्षं कढईवर उभा होतो म्याडम.
वाफ तोंडात जायची म्हणून धरायचा.
वाफ गेली. हात राह्यला.'

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
मी ड्रॉवर उघडून उगाच कापसाचे बोळे मोजले.

तरी शेडची पट्टी निघालीच,
एका दांडीवर सोळा दात, ए-वन ते डी-फोर,
आणि सरांचं बोट, वहीत सांगितलं तसं, सर्वांत पांढऱ्यावर.
काका खुर्चीतून उठले, गळ्यात बिब तसाच,
पट्टी घेऊन खिडकीशी गेले, पडदा सारला.
'ट्यूबखाली रंग बघू नये. ट्यूब खोटं बोलती.'
एकेक दात पेल्यातल्या पाण्यात बुडवला.
'ओला एक दिसतो, वाळला एक. गिऱ्हाइकाला दोन्ही दावायचं.
हा बगा निळीचा पांढरा. हा दुधाचा.
हा कोऱ्या सुताचा, अजून पाणी न लागलेला.
आणि हा,' म्हणजे सरांच्या बोटाखालचा,
'हा कुठलाच नाही.'

मग विचारलं, जे वहीत कुठल्याच पानावर नव्हतं:
'किती धुण्यांचा आहे?'

पंख्यानं वहीची पानं उलटत होती.
'दहा वर्षं,' सर म्हणाले. थांबले.
'कधी पंधरा. कधी सहाच.
दात थोडा घासावा लागतो. घासलेला परत येत नाही.
आणि नाही केलं,' इथे आवाज इतका खाली गेला
की मला वाटलं, सर शिबिराची फी आठवतायत,
'तरी काही बिघडत नाही.'

'मग हेच आधी सांगा की.
चादर विकताना आम्ही सांगायचो, लाल सुटतो,
पहिलं धुणं वेगळं घाला.
सांगितलेलं गिऱ्हाईक परत यायचं.
न सांगितलेलं पण यायचं,
भांडायला.'

दाढेचे पैसे मोजून दिले आणि जिना उतरले.

दिवाळी होऊन गेल्यावर आले. एकच दात करायचा.
'शेजाऱ्यासारखा. शेजाऱ्याहून गोरा नको.'
खिडकीशी उभं राहून जुळवला, ओला आणि वाळला,
सी-थ्री, चहात पडलेल्या सुताचा रंग.
वहीच्या हिशेबानं अगदी किरकोळ काम.

आरसा मी दिला नाही. त्यांनी मागितला.
बघितलं, बराच वेळ. शेजाऱ्याला जिभेनं चाचपलं.
मग हसले,
आणि हात सवयीनं वर आला, तोंडावर बसला.

दात कुणालाच दिसला नाही.
खाली दुकानात कुणीतरी टॉवेल झटकून उघडत होतं.